बिनपगारी, फुल अधिकारी!

रा. रा. जेम्स मॉरीसाहेब,
अमेरिकेचे कॉन्सल, मुक्काम लिव्हरपूल, यांस
सा. न. वि. वि.

१७९० साली वॉशिंग्टनसाहेबांनी आपली नेमणूक केली, त्याबद्दल अभिनंदन. थोडा उशीर झाला, पण सरकारी कामात एवढे चालतेच. पगार नाही, असे कळले. आपण व्यापारी, पोटाचे आपण बघालच, असा सरकारचा विश्वास. शिवाय परराष्ट्रमंत्री जेफरसनसाहेबांच्या परिपत्रकात गणवेश आहे ना! गडद निळा कोट, लाल कफ, नांगराची पिवळी बटणे, कमरेला छोटी तलवार. हौस असेल तर घालावा. गणवेश आरमाराचा, आणि आरमाराचे शेवटचे जहाज १७८५ सालीच विकलेले!

१७९२ च्या कायद्याने तर कमालच केली. पगार शून्य, पण जामीनकी २,००० ते १०,००० डॉलरची. कमाई म्हणाल तर शिक्क्यामागे २ डॉलर. वादळात माल भिजल्याचे कप्तानाने सांगावे, आपण लिहून घेऊन शिक्का मारावा. कोणी खलाशी वारला, तर त्याची पेटी उघडून यादी करायची: दोन सदरे, एक चाकू, थोडी तंबाखू. ते विकून जे येईल त्यावर ५ टक्के. एवढ्यात कोटाची बटणे तरी यायची का?

जिवंत खलाशी त्याहून महाग. जहाज बुडाले, गडी अनवाणी आपल्या दारात. त्याच्या खाण्यापिण्याला सरकार दिवसाला १२ सेंट देते. आपल्याला तेवढेही नाही! त्याला मायदेशी धाडायचे, तर कप्तान नाक मुरडणार. १०० टनांमागे अशी दोनच माणसे घ्यायची, हे कलम त्याला तोंडपाठ.

दुसऱ्या खलाशाला इंग्रज आरमाराच्या टोळीने जबरदस्तीच्या भरतीसाठी उचललेले. अमेरिकन असल्याचा दाखला खिशात आहे. उंची, वर्ण, अंगावरचा व्रण, सगळे त्यात लिहिलेले. इंग्रज अधिकारी म्हणतो, असले दाखले विकत मिळतात. मग लिहा लंडनला पत्र. उत्तर येईपर्यंत तो कुठल्या समुद्रात कोणाच्या तोफा ओढतोय, देव जाणे. इथे थट्टा सुचत नाही, साहेब.

शिवाय आल्यागेल्या अमेरिकी जहाजांचा तक्ता दर सहा महिन्यांनी पाठवायचा, तो विसरू नका. वरिष्ठांना तक्ते फार आवडतात.

१८२९ साली राष्ट्राध्यक्ष जॅक्सनसाहेबांनी आपल्या जागी दुसरा माणूस नेमला. ३९ वर्षांची चाकरी! पण सरकारला नावे ठेवू नयेत. पगारच नव्हता, त्यामुळे पेन्शनची फाईल तरी कशाला अडकेल?

आपला नम्र,
एक पगारी कारकून