देवाचा दाखला

शिंदखेड्याच्या आप्पांना कुणी देवभोळे म्हटलं तर राग येतो आणि नास्तिक म्हटलं तर त्याहून जास्त येतो. "आपला अभ्यास आहे," एवढंच ते सांगतात. अभ्यास नेमका कशाचा, हे अजून बाहेर आलेलं नाही. निष्कर्ष मात्र स्टेशन रोडवरच्या प्रत्येक चहावाल्याला पाठ आहे: "त्यामा सायन्स शे, भो."

लिंबू-मिरचीत सायन्स आहे. दोरा लिंबाचा रस शोषतो आणि क जीवनसत्त्व दुकानभर पसरतं. गिऱ्हाइकाने ते नाकाने घ्यायचं. देवळातल्या घंटेत सायन्स आहे. तिचा नाद सात सेकंद टिकतो आणि शरीरातल्या सात चक्रांना एकेक सेकंद वाटून देतो. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी एकदा मोबाइलचं घड्याळ लावून घंटा वाजवली, तर नाद निम्म्यातच विरला. आप्पा शांतपणे म्हणाले, "घंटा नवीन शे. जुनी पाहिजे." सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये आप्पा शेजारी बसले, की दोंडाईचा येईपर्यंत अग्निहोत्रापासून क्वांटमपर्यंत सगळं उरकतं. क्वांटम हा त्यांचा ठेवणीतला शब्द. समोरचा अगदीच ऐकेनासा झाला, की तो बाहेर निघतो.

याचं मूळ आप्पांच्या नोकरीत आहे. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला यांत हयात गेली. समोर उभा असलेला माणूस गरीब आहे हे डोळ्यांना दिसत असलं, तरी कागदाशिवाय तो गरीब होत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं. आता दर नोव्हेंबरात ते स्वतः हयातीचा दाखला देऊन येतात आणि मगच पुढचं वर्षभर निर्धास्त जगतात. अशा माणसाने देवाला नुसत्या विश्वासावर सोडावं, ही अपेक्षाच चुकीची. देव आहे, यावर त्यांचं दुमत नाही. फक्त त्याची कागदपत्रं पूर्ण असावीत, सक्षम अधिकाऱ्याचा शिक्का असावा, आणि हल्लीच्या दिवसांत तो सक्षम अधिकारी म्हणजे सायन्स.

अडचण एवढीच, की हा अधिकारी अर्ज फेटाळतो. तेव्हा आप्पांचं खरं कौशल्य दिसतं.

२१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्याले, तेव्हा आप्पाही चमचा घेऊन रांगेत होते. संध्याकाळपर्यंत शास्त्रज्ञांचा खुलासा आला: पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थर होऊन खाली ओघळतं. दुसरा एखादा भक्त चिडला असता. आप्पांना आनंद झाला. "बघा, पृष्ठताण! म्हणजे देवाने नियम मोडला नाही. नियमात बसवून प्यायला."

पुढे पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलं, अशा दोनशे पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून कोणतं मूल कोणत्या गटातलं ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. सरांनी ही बातमी आप्पांपुढे ठेवली. आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे चोपन्न टक्के चुकलं. मग ज्योतिषी सांगतो त्याच्या उलटं धरायचं. शास्त्र बरोबर आहे, आपण वाचतो उलटं." सरांनी त्या दिवशी चहा अर्धा टाकला.

२०१३ साली, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा आला. गावात तो अख्खा वाचणारे बहुधा आप्पाच. अनुसूचीतल्या बारा बाबी त्यांनी बोटाने मोजल्या. त्यांत जमिनीतलं पाणी शोधून देणारा पाणाड्या नव्हता. आप्पांनी टिपणी तयार केली: बंदी नाही, म्हणजे मान्यता आहे; शासनाची मान्यता आहे, म्हणजे शास्त्रीय आहे. ही टिपणी पुढे कामाला आली.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याने शेतात बोअर मारायचं ठरवलं. शिंदखेडा तालुका म्हणजे पाण्याच्या बाबतीत दोन तालुके. उत्तरेला तापीकाठी गाळाची जमीन, तिथे खोल गेलं की पाणी बहुतेक लागतंच. दक्षिणेला काळा बेसाल्ट. त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात. शिवाय धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीखाली डाइक नावाच्या दगडाच्या उभ्या भिंती पसरलेल्या. त्यांच्या एका अंगाला पाणी अडतं आणि दुसरं अंग कोरडं राहतं. पुतण्याचं शेत दक्षिणेला. त्याने भूवैज्ञानिक बोलावला. आप्पांनी पाणाड्या बोलावला. दोघं एकाच सकाळी आले.

पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला, शेंडी पुढे, आणि अनवाणी चालू लागला. नांगरटीच्या मध्यावर नारळ हळूच उभा राहिला. आप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू नारळ त्यांनीच उभा केलाय. भूवैज्ञानिकाने लोखंडी सळया एका रेषेत ठोकल्या, वायरी जोडल्या, जमिनीत वीज सोडली, आकडे लिहून घेतले आणि दुसऱ्याच कोपऱ्यावर खूण केली. वर म्हणाला, "इथे शक्यता बरी आहे." शक्यता हा शब्द आप्पांना मुळीच आवडला नाही. दाखल्यावर शक्यता लिहीत नाहीत.

सर तिथे होतेच. त्यांनी पाणाड्याला विनंती केली, की डोळ्यांना उपरणं बांधून पुन्हा एकदा चाला. स्नायू आपल्याही नकळत हलतात, हे कार्पेंटर नावाच्या इंग्रज वैद्याने १८५२ मध्येच मांडलं होतं. मनाला जिथे पाणी वाटतं तिथे हात वळतो. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात निवडक पाणाड्यांना वरच्या मजल्यावर चालवून खालच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप शोधायला लावलं होतं. पुढे कुणी आकडे नीट तपासले, तेव्हा ते नशिबाच्या पलीकडे जात नव्हते. हे सगळं सर सांगत होते तोवर पाणाड्या तयारही झाला. माणूस सरळ होता. डोळे बांधून तो निघाला. नारळ या खेपेला तीन ठिकाणी उभा राहिला. त्यातलं एक ठिकाण होतं आप्पांची मोटरसायकल.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आप्पांनी टाकीवर हात ठेवला. "पेट्रोल. द्रव तर आहे ना!"

पाणाड्याने उपरणं सोडलं. "आप्पा, मना बापना हातमा व्हतं, मना हातमा उनं. सायन्स-बियन्स माले काही समजस नही." भूवैज्ञानिक म्हणाला, "मीही तेच सांगतोय. हे सायन्स नाही." एका बांधावर गूढ आणि भौतिक असे दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एकमताने उभे होते. हा ठराव अमान्य करणारे आप्पा एकटेच.

बोअर शेवटी कुठे झालं, तर दोन्ही खुणा सोडून. एका खुणेवरून विजेच्या तारा जात होत्या, दुसरीपर्यंत बोअरची गाडी नाला ओलांडून जाईना. गाडीवाला म्हणाला, "इथे मारतो, नाहीतर चाललो." त्याने बांधालगत मारलं. बराच वेळ पांढरी धूळ उडाली, मग दीड इंची पाणी लागलं. आप्पांनी त्याच संध्याकाळी दोन्ही तज्ज्ञांच्या खुणांमधलं अंतर मोजून दाखवलं, की बोअर साधारण मध्यावर आलंय. म्हणजे श्रद्धा आणि विज्ञान यांची सरासरी. गाडीवाल्याचा या सिद्धांतात कुठे उल्लेख नव्हता.

आप्पांचा हा कारभार जिथे थांबतो, ती जागा त्यांच्या घरातच आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते. सव्वाच्या मापाने दळलेल्या गव्हाचे रोट होतात, नारळाला डोळे, नथ, दागिने चढतात, रात्र जागते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन होतं. मिरवणुकीत जिजींच्या, म्हणजे आप्पांच्या पत्नीच्या, अंगात येतं. एरवी गुडघ्यांवर तेल चोळत जिना चढणाऱ्या जिजी डफाच्या तालावर अर्धी गल्ली नाचतात. आप्पांनी यावर बरंच वाचून ठेवलंय. हार्मोन, कंपनं, सामूहिक ऊर्जा, शेवटी क्वांटम. एकदा ते सगळं त्यांनी जिजींना समजावून सांगितलं. जिजी रोटाचं पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ती येस नी चालनी जास. त्याले कागद काय करनं शे?"

विल्यम जेम्सने १९०२ च्या ग्रंथात काहीसं हेच म्हटलं आहे: असा अनुभव ज्याला येतो, त्याच्यापुरता त्याचा अधिकार पूर्ण असतो, बाहेरच्याने तो मानलाच पाहिजे, असं बंधन नाही. गुरुदेव रानड्यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, त्यातले संतही कुणाकडे प्रमाणपत्र मागायला गेलेले दिसत नाहीत. विज्ञानाचा हिशोब याच्या बरोबर उलट. तिथे माझा अनुभव कितीही खरा असो, दुसऱ्याने डोळे बांधून केला तरी तोच यायला हवा. जिजींच्या मेंदूत त्या अर्ध्या तासात काय होतं, ते उद्या यंत्रावर दिसेलही. त्यावरून कानबाई आहे की नाही, हे ठरणार नाही, आणि जिजींचं नाचणं तसूभरही कमी होणार नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या घरात स्वस्थ राहता येतं. फक्त आप्पांना दोन्ही घरांची किल्ली हवी असते, आणि भाडं एकाचंही भरायचं नसतं.

त्यांच्यामुळे गावात एक चांगली गोष्ट मात्र घडली. भजनी मंडळाचे बुवा आणि भौतिकशास्त्राचे सर यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. बुवा सरांना नास्तिक म्हणत आणि सर बुवांना काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता दोघं संध्याकाळी एकाच बाकावर शेंगदाणे खात बसतात. बुवा सांगतात, नामस्मरणाने रक्तदाब उतरतो म्हणून नाम घ्यायचं असेल तर गोळीच घ्यावी. सर मान डोलावतात. सर सांगतात, पुराव्याशिवाय सायन्सचं नाव घेणं हाच मोठा अपराध. बुवा मान डोलावतात. लांबून आप्पांची मोटरसायकल दिसली, की दोघंही पिशव्या उचलतात आणि दोन वेगळ्या गल्ल्यांनी घरी जातात.

आप्पा रिकाम्या बाकावर बसतात, उरलेले शेंगदाणे खातात आणि चहावाल्याला सांगतात, की बुवा ऋण, सर धन, आणि आपण मध्ये आलो की दोन्हींचा भार शून्य होतो.