केबलमामा

सिडकोने सत्तरच्या दशकात नवं औरंगाबाद वसवायला घेतलं तेव्हा रो-हाऊसच्या दोन घरांत मिळून एकच भिंत ठेवली. खर्च वाचावा म्हणून ठेवली असेल, पण त्यातून माणसांची एक जात जन्माला आली. शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. एन-सात, एन-नऊ ही सेक्टरांची नावं मात्र जुनीच राहिली आणि ही जातही जशीच्या तशी राहिली. गल्लीगणिक तिचा एक तरी नमुना सापडतोच. आमच्या गल्लीतल्या नमुन्याला लहानथोर सगळे केबलमामा म्हणतात.

शर्टाच्या खिशाला पेन लावावं तसा टेस्टर, मागच्या खिशात पकड आणि खांद्यावर निळ्या वायरचं भेंडोळं. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला जन्म गेला. रिटायर झाल्यावर माणसं सकाळी बागेत जातात, मामा गच्चीवर जातात. गच्ची कुणाची, हा प्रश्न त्यांना पडत नाही. कठडे एकमेकांना लागून, त्यामुळे गल्लीच्या या टोकाला चढलेले मामा त्या टोकाला उतरतात. खाली घरातली बाई ओरडते, "वर कोण आहे?" वरून उत्तर येतं, "मीच आहे, गॅस बारीक करा, दूध उतू जाईल."

मामांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात बसतं: एका घराला पुरून उरतं ते शेजारी गेलंच पाहिजे. यातलं उरणारं घर नेहमी दुसऱ्याचं असतं, आणि किती उरलं हे मामा ठरवतात, एवढंच.

कारकीर्द दूरदर्शनपासूनची. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायला लागलं तेव्हा मामांनी एका ॲंटेनाची चपटी वायर दोन घरांत उतरवली. दोन्ही घरांत राम मुंग्यांतून दिसायचा, पण दिसायचा. मग फोन आले. गल्लीत फोन एक आणि त्याचा पीपी नंबर दिलेले लोक पन्नास. मामांनी त्याला पॅरलल जोडून दिला. घंटी तीन घरांत वाजायची, 'हॅलो' तिन्ही घरांतून जायचं आणि पलीकडचा माणूस घाबरून ठेवून द्यायचा. नव्वदीत केबल आली तो मामांचा सुवर्णकाळ. छताच्या कडेने काळी वायर, तिला पितळी स्प्लिटर, एकाचे दोन, दोनाचे चार. आडनाव विसरून लोक त्यांना केबलमामा म्हणायला लागले ते तेव्हापासून.

२०१३ साली सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. आता प्रत्येक टीव्हीला स्वतःचा डबा, डब्यात स्वतःचं कार्ड. वायर कितीही फोडली तरी पडद्यावर काही उमटेना. पुढची सात वर्षं मामांनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून काढली. या शहरात नळाला पाणी कधी चार दिवसांनी येतं, कधी आठ दिवसांनी, त्यामुळे उपाशी राहण्याची वेळ आली नाही. पण कलावंताला कारकुनी करावी लागली, असं ते स्वतःच सांगतात.

मग मार्च २०२० उजाडला. शाळा मोबाइलमध्ये शिरल्या, हपिसं स्वयंपाकघरात आली आणि मामांना पुन्हा पालवी फुटली.

गल्लीत तेव्हा फायबर एकाच घरी होतं, कोपऱ्यावरच्या सरांकडे. सर निवृत्त मुख्याध्यापक. नातवाचा व्हिडिओ कॉल अडकू नये म्हणून पुण्याच्या मुलाने ते बसवून दिलेलं. नातू रविवारी अर्धा तास दिसायचा. उरलेला आठवडा त्या पांढऱ्या डब्याचा हिरवा दिवा नुसताच लुकलुकत असायचा. मामांना ते बघवेना.

"सर, प्लॅन कोणता?"

"अनलिमिटेड म्हणतात."

"म्हणजे संपत नाही?"

"नाही."

"अन् तुम्ही वापरता किती?"

"रविवारी अर्धा तास."

"सर, न संपणारी वस्तू घरात कोंडून ठेवायची म्हणजे... तुम्ही तर शिक्षक माणूस."

आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेले सर गप्प बसले. अशा बऱ्याच अनलिमिटेड प्लॅनना बारीक अक्षरांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी घरून भागाकार करून आणला होता. "रोजचे ११० जीबी पडतात सर. नातू चोवीस तास बघितला तरी उरतंय."

संध्याकाळपर्यंत वायर फिरली. सरांच्या खिडकीतून निघाली, पत्र्याखालून वर चढली, पाण्याच्या काळ्या टाकीला सुतळीने बांधली गेली, बँकवाल्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांना वळसा घालून पुढे गेली आणि नर्सताईंच्या झरोक्यातून आत शिरली. मध्ये एका ठिकाणी जोड होता. त्याला काळी टेप, टेपवर दुधाची रिकामी पिशवी आणि पिशवीवर रबर. "वॉटरप्रूफ," मामा म्हणाले. नेटवर्कला नावही त्यांनीच दिलं: 'फुकट नाही'.

हिशेब चोख. ५९९चा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून ७०७ रुपये. सर, बँकवाले आणि नर्सताई असे तीन वाटेकरी, प्रत्येकी २३६. जो एक रुपया जास्त जमतो तो देखभालीचा. मामा चौथे. त्यांचा वाटा म्हणजे वायर, पकड आणि अक्कल. दिवाळीपर्यंत वाटेकरी तीनच राहिले, वापरणारी घरं सात झाली.

आयपीएलच्या रात्री मामांना क्षणाची फुरसत नसे. सात टीव्ही एकाच डब्यावर. चित्र थांबलं की मामा दारोदार जायचे, "पोराला म्हणावं गेम बंद कर, शेवटची ओव्हर चालू आहे." तरी प्रत्येक घरात चित्र वेगवेगळ्या वेळी पोचायचं. एकच षटकार गल्लीत चार वेळा बसायचा. पहिल्या घरातला जल्लोष ऐकून शेवटच्या घरातले लोक टाळ्या वाजवून मोकळे व्हायचे आणि मग निवांत बघत बसायचे, षटकार कसा गेला ते.

पुढच्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि जवळच कुठेतरी वीज पडली. एका झटक्यात तीन राऊटर आणि एक टीव्ही गेला. कंपनीचा पोरगा आला, त्याने डबा उघडला, वास घेतला आणि वायरीच्या मागोमाग गच्चीवर गेला. "मामा, ही तांब्याची वायर घराघरांतून कामून फिरवली? प्रत्येक घराची अर्थिंग वेगळी. एका घरात झटका बसला की ही वायर तो दुसऱ्या घरी पोचवती. काचेतून करंट जात नाही, नुसता उजेड जातो."

मामांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते पैठण गेटला गेले आणि फायबरची पिवळी वायर व दोन्ही टोकांना लावायचे कन्व्हर्टर घेऊन आले. सरांना राहवलं नाही. त्यांनी विज्ञान शिकवलेलं. "मामा, हे पूर्ण आंतरिक परावर्तन. दहावीच्या पुस्तकात आहे. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, आणि हा उजेड ज्या गाभ्यातून जातो तो फक्त ९ मायक्रॉनचा. काचेतली भेसळ काढली तर उजेड लांबवर जाईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडलं. त्यांना नोबेल मिळालं २००९ला."

"त्रेचाळीस वर्षांनी?" मामा म्हणाले. "सरकारी खात्यामार्फत अर्ज केला होता का?"

पण सरांचं पुढचं वाक्य मामांच्या काळजाला भिडलं. ऑप्टिकल फायबर बनवणारा स्टरलाइटचा कारखाना आपल्या वाळूजलाच आहे आणि त्यासाठी लागणारी काच शेंद्र्याला तयार होते. मामा उठून उभे राहिले. "म्हणजे फायबर वाळूजचं, अन् मीही वाळूजला राबलेलो. मग मधी कंपनी कुठून आली?"

त्या घरच्या मालाचा मामांनी फार लाड केला. उरलेली वायर लोंबकळू नये म्हणून त्यांनी ती खिळ्याभोवती तांब्याच्या वायरीसारखी घट्ट गुंडाळली. सर सोडून सहा घरांचं नेट बंद. पोरगा पुन्हा आला. खिळ्यावरचं वेटोळं पाहून त्याने कपाळाला हात लावला. "काच आहे ती मामा. इतकी वाकवली की वळणावरच उजेड बाहेर सांडतो." वायर मधूनच पिचलीही होती. ती सांधायला त्याने पेटीतून मशीन काढलं. वरचं कव्हर सोललं, धाग्यासारखी काच स्पिरिटने पुसली, टोक सरळ कापलं. छोट्या पडद्यावर दोन्ही टोकं समोरासमोर आली, एक निळसर ठिणगी उडाली आणि दोनाची एक झाली. मामा इतका वेळ त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. चाळीस वर्षं पिळे मारून टेप गुंडाळणारा तो माणूस हरखून म्हणाला, "पोरा, टेप लागलीच नाही रे."

जाता जाता पोराने सरांच्या राऊटरचं पान उघडून पाहिलं. "सर, ३१ डिव्हाइस जोडलेत. घरात माणसं किती?"

"दोघं," सर खरं बोलले.

"सरांकडं विद्यार्थी येतात," मामा म्हणाले.

पोरगा आमच्यासारख्याच गल्लीत वाढलेला, तो हसला. पण हसता हसता त्याच्या तोंडून नको ते निघून गेलं. खांबावरच्या डब्यात कंपनीचाही एक स्प्लिटर असतो. कंपनीच्या मशीनमधून अडीच गिगाबिटचा एकच धागा निघतो आणि तोच फुटून ३२ घरांना जातो, कुठे कुठे ६४ घरांना. स्प्लिटरला वीजही लागत नाही, उजेडाच्या वाटण्या होतात फक्त.

मामांनी छत्री मिटली. "म्हणजे एकाचे बत्तीस कंपनीनं केले तर धंदा, अन् एकाचे सात मी केले तर चोरी?" तो दिवस त्यांनी गल्लीभर फिरून साजरा केला. त्यात त्यांनी मलिक अंबरालाही ओढलं. "डोंगरातलं पाणी खापरी नळातून शहरात आणलं मलिक अंबरानं. ती नहर काय त्यानं एकट्याच्या वाड्यासाठी आणली होती?" शहराच्या इतिहासातला कर्तबगार वजीर आणि आपण एकाच खात्यातले, असं मामांचं मत त्या दिवसापासून कायम झालं.

मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात एक भोक आहे. कंपनीच्या बत्तीस घरांना बत्तीस नावं असतात, बत्तीस आधारकार्डं असतात. मामांच्या सात घरांना एकच नाव, सरांचं. सातव्या घरातल्या पोराने कुणाला धमकी पाठवली, कुणाचे पैसे लाटले, तर आयपी पत्ता शोधत येणारा पोलीस सरांचीच बेल वाजवणार. शिवाय घरगुती कनेक्शन घराबाहेर द्यायचं नाही, असं करारातही असतं. हे सांगितलं तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "सरांवर कोण संशय घेईल? हेडमास्तर होते ते."

सरांच्या मुलाला हा युक्तिवाद पटला नाही. गणपतीत तो पुण्याहून आला, त्यानेही ते ३१ डिव्हाइस पाहिले आणि रात्री साडेनऊला गच्चीकडे जाणारी वायर राऊटरमधून काढून पासवर्डही बदलला. पाच मिनिटांत सहा दारं उघडली. सगळे रस्त्यावर येऊन वर आभाळाकडे बघत होते, जणू नेट तिथूनच येत होतं. मामा गच्चीवर बॅटरी घेऊन जोड तपासत होते. खरं कारण कळलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत.

सकाळी कंपनीचा पोरगा मामांच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. खांबावरच्या डब्यात सहा जागा रिकाम्या होत्या, ही माहिती मामांकडे आधीपासून होती. दुपारपर्यंत सहा घरांत सहा स्वतंत्र कनेक्शनं लागली. आपली कागदपत्रं देऊन स्वतःच्या नावाचं कनेक्शन घेणारं पहिलं घर मामांचं. सगळ्यांना फार बरं वाटलं, माणूस सुधारला म्हणून. मग कळलं की कंपनीची योजना होती: जुन्या ग्राहकाने नवा ग्राहक आणला की त्याला एक महिना फुकट. मामा अकरा वाजता ग्राहक झाले आणि साडेअकरापासून 'जुने ग्राहक' म्हणून पाच शेजारी घेऊन आले. पाच महिने फुकट. वायर कंपनीची, पकड कंपनीची, अक्कल तेवढी मामांची.

आता गल्लीत प्रत्येक घराला आपापला डबा आहे आणि गच्चीवर पूर्वी एक वायर होती तिथे सात आहेत. नव्या पाणीयोजनेच्या खोदकामात जेसीबीने केबल तोडली की सातही डब्यांवर एकदम लाल दिवा लागतो. कंपनीचा तक्रार क्रमांक 'आपला कॉल महत्त्वाचा आहे' असं सांगत राहतो आणि लोक मामांना हाक मारतात. मामा खांबाखाली उभे राहून सांगतात, घरातलं बिघडलंय की बाहेरचं, आज होईल की उद्या. आजवर त्यांचा अंदाज चुकलेला नाही.

असा मामा तुमच्याही गल्लीत असेलच. त्याला वायफायचा पासवर्ड देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. कनेक्शन ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याचीच. गच्चीची एक किल्ली मात्र त्याच्याकडे देऊन ठेवा. रविवारी रात्री लाल दिवा लागला तर कंपनीचा माणूस सोमवारी येतो, मामा दहा मिनिटांत येतो.