लंडनवर बॉम्ब, घोलवडला चिकू

आमच्या आत्याच्या उशाशी दोनच जातींची पुस्तकं असतात. पहिल्या जातीच्या मुखपृष्ठावर लांब कोट घातलेली तरुणी आपल्याकडे पाठ करून उभी असते आणि तिच्या डोक्यावरून विमानं चाललेली असतात. दुसऱ्या जातीच्या मुखपृष्ठावर फुलाफुलांचा कप, एक मांजर आणि कोपऱ्यात चवीपुरतं रक्त. पहिलीत महायुद्ध आणि तीन पिढ्यांचं खटलं. दुसरीत खेड्यातला खून आणि तो लोकरीचं विणकाम करता करता सोडवणारी म्हातारी. इंग्रजीत या दुसरीला ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. आत्या दोन्हींना सरसकट ‘माझं औषध’ म्हणते.

हे औषध मुंबईहून आणण्याचं काम माझ्याकडे आहे. एप्रिल 2013 मध्ये चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली, तिचे इतरांना बरेच फायदे झाले असतील. आत्याला एक तोटा झाला. इतक्या लांबच्या प्रवासात पुस्तक बऱ्यापैकी वाचून होतं आणि खुनी कोण हे ठाऊक असलेला माणूसच ते तिच्या हातात देतो. त्यामुळे डहाणूजवळच्या घोलवडला तिच्या ओटीवर पाऊल टाकताना मला चेहरा कोरा ठेवावा लागतो. नाहीतर ती माझ्या चेहऱ्यावरून खुनी ओळखते.

युद्धाच्या गाथा तिने इतक्या वाचल्यात की लंडनमधल्या कुठल्या बहिणीचा नवरा परत येणार आणि कुठलीची फक्त तार येणार, हे ती तिसऱ्या प्रकरणात सांगते. तिचं वाचन कडक असतं. ब्रिटनमध्ये 1940 पासून चहावर रेशन होतं, माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही. हे तिला त्याच पुस्तकांतून कळलेलं. तेव्हापासून ती मोजते. “दर दुसऱ्या पानाला किटली चढतेय बघ. अरे, एवढ्या चहात हे जमतं कसं? एक तर ही थोरली बहीण काळाबाजार करते, नाहीतर लेखिकेने कधी घर चालवलेलं नाही.”

या कादंबऱ्यांत माळ्यावर एक ट्रंक असते. नात ती उघडते, आत रिबिनीने बांधलेली पत्रं निघतात आणि आजीचं एका वैमानिकावर प्रेम होतं असं कळतं. हा प्रकार वाचून आम्ही आमच्या माळ्यावरची ट्रंक उघडली. आत डांबरगोळ्या, विजेची जुनी बिलं, कोणाच्या तरी मुंजीच्या उरलेल्या पत्रिका आणि वाडीचा सातबारा निघाला. वैमानिक नव्हता. पण सातबारा वाचायला घेतला आणि दिवेलागण झाली तरी कोणी उठेना. कोणाचं नाव कधी लागलं, कोणाचं कमी झालं, बहिणींनी हक्क सोडला की सोडवला, ‘इतर हक्कां’त हे अनोळखी नाव कुणाचं? तीन पिढ्यांची गाथा म्हणतात ती हीच. फक्त आपल्याकडे ती तलाठी लिहितो.

आमच्या घराण्याची स्वतःची युद्धकथाही आहे, पण ती एकाच रात्रीची. डिसेंबर 1971. आत्या शाळकरी. खिडक्यांना काळा कागद आणि गल्लीतून “दिवा घालवा” म्हणून ओरडत फिरणारी पोरं. त्या काळोखात भावंडं पलंगाखाली दाटीवाटीने बसली आणि उजाडल्यावर पाहतात तो डिंकाच्या लाडवांचा डबा रिकामा. पाकिस्तानने हत्यारं खाली ठेवली, बांगलादेश झाला, पण या प्रकरणाचा तपास पुढे सरकला नाही. सगळे संशयित आता सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहेत आणि प्रत्येक लग्नात पंगत बसली की एकमेकांची नावं घेतात.

इथे एक गोष्ट आत्याने मला दाखवली. ती म्हणते, पुस्तकांच्या या दोन जाती सख्ख्या बहिणी आहेत. ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधशाळेत काम करत होती. तिथेच तिला विषांची ओळख झाली. तिचा पहिला गुप्तहेर पायरो 1920 च्या कादंबरीत आला तो कोण म्हणून? बेल्जियमहून जीव वाचवून आलेला निर्वासित. म्हणजे खेड्यातल्या खुनाच्या घरात युद्ध मागच्या दाराने शिरलेलंच होतं. आणि दोन्हींची रीतही एकच, बाहेर जे आवरत नाही ते उचलून स्वयंपाकघरात आणायचं. तिथे मग बाई त्याच्याकडे बघून घेते.

रहस्यकथेच्या बाबतीत आमचा जिल्हा तसा खानदानी. बाबूराव अर्णाळकर (1906 ते 1996) मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण, टोपणनाव घेतलं ते आमच्या अर्नाळा गावाचं. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू अशी मंडळी उभी करून त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. वाटणीत कोणाला काय मिळालं यावर पुष्कळ बोललं गेलं, पण काळा पहाड आमच्याकडे आला याची कुठल्याच पेपरने दखल घेतली नाही. पुढे सुहास शिरवळकरांनी तर एका नायकाचं नाव फिरोज इराणी ठेवलं. आमच्या भागात या नावाने हाक मारली तर चार वाड्यांतून ‘ओ’ येईल.

तरीही डहाणूत कोझी मिस्टरी लिहायला बसलं की अडतं, ते प्रेतापाशी. या कथांत मेलेला माणूस असा लागतो की ज्याच्या जाण्याचं कोणाला फारसं वाईट वाटत नाही. आमच्याकडे तसल्या माणसाच्याही तेराव्याला मांडव घालावा लागतो. जेवून उठणारा प्रत्येक जण “माणूस तसा वाईट नव्हता” म्हणतो आणि कथेचा पायाच खचतो. शिवाय गुपित टिकायला हवं. इथे तुम्ही सकाळच्या गाडीने परगावी डॉक्टरकडे जाऊन आलात, तर संध्याकाळी स्टेशनवर उतरताच रिक्षावाला विचारतो, “काय, साखर निघाली का?”

म्हणून आमच्याकडे खुनाच्या जागी चिकू. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा प्रकरण किरकोळ समजू नये. गेल्या हिवाळ्यात आत्याच्या वाडीतलं विहिरीजवळचं एकच झाड कोणीतरी रात्री हलकं केलं. मोजकी फळं, पण निवडक. गडी म्हणाला, बाहेरचा चोर. शेजारी म्हणाले, कॅमेरा लावा. आत्या झाडाखाली गेली, देठं बघितली आणि काहीच न बोलता घरात येऊन पुस्तक घेऊन बसली.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “तपासाचं काय?”

“पिकू दे,” ती म्हणाली.

तिचं शास्त्र असं. आंबा चोरून तिथल्या तिथे कैरी म्हणून खाता येतो. चिकूचं तसं नाही. झाडावरून काढलेला चिकू दगड असतो, आणि दात लावलाच तर चीक ओठांना असा धरतो की चोराचा कबुलीजबाबही नीट होत नाही. तो तीन-चार दिवस उबेत ठेवावाच लागतो. म्हणजे चोराला नुसती हिंमत पुरत नाही, जागा लागते. आणि चिकू एकदा पिकला की वास दडत नाही. शिवाय चिकाचा डाग धुऊन जात नाही, काळा पडून बसतो.

चौथ्या दिवशी दुपारी ती उठली, स्वयंपाकघरातून देवघरात, तिथून कोठीच्या खोलीत गेली आणि तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. एकेक करून फळं बाहेर काढून तिने परातीत मांडली. सालीवरची तपकिरी भुकटी सगळी पुसलेली, देठाकडची बाजू वर. “हे माणसाने हौसेने पुसलंय,” ती म्हणाली. “विकायला नाही.” मग ओटीवर झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेल्या मामांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, सदऱ्याची बाही तिने नुसती उलटी केली. मनगटापाशी काळा डाग.

मामांची साखर दोनशेच्या वर आहे आणि चिकू त्यांना बंद आहे. स्वतःच्या वाडीत, स्वतःच्या बापाने लावलेल्या झाडावर त्यांना रात्री चोरून जावं लागलं. याला शोकांतिका म्हणावं की विनोद, हे ठरवण्यात आम्ही ती परात संपवली. मामांना अर्धी फोड मिळाली. शिक्षा म्हणून मिळाली की दया म्हणून, हे आत्याने सांगितलं नाही.

आता गाथेकडे. लंडनच्या बहिणींनी बाजूला बसावं अशी युद्धाची गाथा आमच्या ओटीवरून दिसते. बोर्डीच्या मागे बारडाचा डोंगर आहे, त्यात बहरोटच्या गुहा. संजाणवर सुलतानाची फौज आली, तिथल्या हिंदू राजाच्या बाजूने पारशी लढले, त्यांचा सरदार अर्देशीर पडला आणि धर्मगुरूंनी पवित्र अग्नी उचलून या डोंगरावर नेला. बारा वर्षं तो तिथे जपला. पुढे वांसदा, नवसारी, सुरत असा हिंडत 1742 मध्ये उदवाड्याला स्थिरावला. आजही त्याची सेवा नऊ घराण्यांकडे पाळीपाळीने असते. ही हकीकत ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने 1599 च्या सुमारास ती फारसी पद्यात लिहिली. यात रहस्यही आहे. चढाई करणारा सुलतान नेमका कोण यावर इतिहासकारांत वाद आहे आणि दोन संशयितांमध्ये दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. आणि आपण शाळेत ऐकलेली, पारशी आले तेव्हाची दुधात साखर विरघळवण्याची गोष्ट? ती मूळ किस्स्यात नाहीच.

आत्याला सुलतानात रस नाही. ती पावसाळ्यात ओटीवर बसून त्या डोंगराकडे बघते, तेव्हा डोंगर दिसतही नसतो. “बारा पावसाळे,” ती म्हणते. “आपल्याकडचा पाऊस. चोवीस तास विस्तव धरायचा. सुकी लाकडं कोणी आणली रे वर? कोणी झाकली?” इतिहासाला असा प्रश्न विचारायला घरात चूल पेटवलेली असावी लागते.

तलासरीची गाथा मी तिला उशिरा दिली, कारण तिथे विनोद खिशात ठेवावा लागतो. युरोपातलं युद्ध मे 1945 मध्ये संपलं. त्याच महिन्यात, 23 तारखेला, तिथल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ मोडायची शपथ घेऊन उठले. गोदावरी परुळेकरांनी हे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं, पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लंडनच्या कादंबरीत लग्न लागलं की पुस्तक मिटतं. इथे लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको लग्नगडी म्हणून त्याच्याकडे राबायला लागायची, तेव्हा गोष्ट सुरू व्हायची. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला खोटा निरोप पाठवून लोकांना जमवलं गेलं, गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड आणि आणखी काही जण मारले गेले. हे वाचताना आत्याने एकदाही शेवट आधी सांगितला नाही.

दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. बॉम्ब पडलेल्या लंडनचे अनुवाद खुशाल छापा, पण एखाद्या लेखकाला इकडे पाठवा. बहरोट आहे, झरी आहे, डहाणूपर्यंत गाडी थेट आहे. माहिती आत्या पुरवेल. तिची अट एकच, कादंबरीत ती सांगेल त्याशिवाय कोणाला मारायचं नाही आणि चहाचा हिशेब लागला पाहिजे.