स्वस्तातला दुसरा पावसाळा

सप्टेंबरात अलास्काची क्रूझ स्वस्त का मिळते, तर तिकडच्या शाळा सुरू होतात म्हणून, असं जावयाने सांगितलं. हे अर्धसत्य आहे. उरलेलं अर्धं आभाळातून पडतं. आग्नेय अलास्कात सप्टेंबर-ऑक्टोबर हे वर्षातले सर्वांत ओले महिने. ऑक्टोबर सरेपर्यंत क्रूझवाले गाशा गुंडाळतात आणि बरीच जहाजं उन्हाच्या शोधात दक्षिणेकडे पळतात. त्याआधीच्या सवलतीच्या गर्दीत आम्ही सापडलो. आम्ही म्हणजे मी आणि ही. राहणार चिपळूण, हल्ली मुक्काम सिअ‍ॅटल, लेकीकडे. घरचा सगळा पावसाळा काढून, गणपती पोचवून, छत्र्या वाळत घालून आलेली माणसं आम्ही. "बाबा, घरात बसून कंटाळाल," असं म्हणत लेकीने आम्हाला दुसऱ्या पावसाळ्यात ढकललं. "पितृपक्षात कसला प्रवास?" असं हिने एकदा विचारून पाहिलं. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत असं कळल्यावर पितरांची हरकत राहिली नाही.

स्वस्तातली खोली म्हणजे आतली खोली. तिला खिडकी नसते. त्याऐवजी टीव्हीच्या एका चॅनेलवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्यातलं दृश्य दिसतं. ही सकाळी उठून टीव्ही लावायची. खाली करडं पाणी, वर करडं आभाळ आणि मधे काचेवरून ओघळणारा एक थेंब. "पाऊस आहे," असं जाहीर करून ती टीव्ही बंद करायची. आठवडाभरात हे बातमीपत्र एकदाही चुकलं नाही.

सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून वर चढतात. शरद ऋतूत हा महासागर नावाला जागत नाही. दुपारपर्यंत जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोवलेल्या दिसू लागल्या. त्या कशासाठी, हे कोणालाच विचारावं लागलं नाही. रिसेप्शनवर हिरव्या सफरचंदांची टोपली आली. बोट लागली की हिरवं सफरचंद खावं, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. हिची श्रद्धा आलेपाकावर. टॉवेलचा हत्ती करून आमच्या पलंगावर बसवणारा फिलिपिनो मुलगा स्वतःच हिरवा पडला होता. त्याला तिने दोन वड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याने हत्तीऐवजी मोर केला.

जहाजावर वारांचा विसर पडतो म्हणून लिफ्टमधला गालिचा रोज बदलतात आणि त्यावर मोठ्या अक्षरांत वार विणलेला असतो. आमचं दुर्दैव असं की एका सकाळी त्यावर सोमवार आला. उपास! समोर चोवीस तासांतले वीस तास चालणारं खाणं. बटाट्याचे काप पाहून मी म्हटलं, हे चालतील. तिने आचाऱ्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं आणि विचारलं, "या तेलातून आधी कोण पोहून गेलंय?" आचारी खरं बोलणारा निघाला. तिने सफरचंद घेतलं. हिरवंच.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे एकही रस्ता येत नाही. यायचं तर बोटीने किंवा विमानाने. धक्क्यावर पॅट्सी अ‍ॅन नावाच्या कुत्रीचा पुतळा आहे. ती जन्मापासून बहिरी होती, तरी जहाज येणार हे तिला आधी कळायचं आणि ती धावत धक्क्यावर हजर व्हायची. 1934 साली महापौरांनी तिला गावाची अधिकृत स्वागतकर्ती नेमलं. आमचं स्वागत तिने नखशिखान्त भिजून केलं. मेंडेनहॉल हिमनदीही पाहिली, म्हणजे ती ज्या बाजूला आहे त्या बाजूला तोंड करून उभे राहिलो. पुढे स्कॅगवेला 1898 च्या सोन्याच्या धावपळीत बांधायला घेतलेली तीन फुटी रुळांची आगगाडी आहे. आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. ती धुक्यात शिरली आणि मग सगळं सृष्टिसौंदर्य स्पीकरवरच ऐकलं. डावीकडे दरी आहे म्हटलं की डावीकडे बघायचं. सोन्यामागे निघालेल्यांना कॅनडाचे पोलीस वर्षभर पुरेल एवढं, टनाच्या आसपास, सामान असल्याशिवाय सीमा ओलांडू देत नसत, हेही त्या स्पीकरनेच सांगितलं. हिच्या बॅगा पाहून त्यांनी सलाम ठोकून सोडलं असतं.

एक गोष्ट मला मात्र खटकत होती. हा पाऊस गडगडत नव्हता. आमच्याकडे परतीचा पाऊस कसा वाजतगाजत येतो, वीज पाडतो, दिवे घालवतो. हा नुसता पडत राहतो, सरकारी कार्यालयातल्या पंख्यासारखा.

गडगडाट भेटला तो ग्लेशियर बेमध्ये. या उपसागरात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना शिरू देतात. पहाटे छोट्या होडीतून राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर येतात आणि चालत्या जहाजाला लटकवलेल्या शिडीने वर चढतात. आमची रेंजरबाई चढली तेव्हा हिने डोळे मिटून घेतले होते. बाईंनी माइक हातात घेतला. 1794 साली दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं इथून गेली तेव्हा उपसागर असा नव्हताच, होती ती बर्फाची भिंत. 1879 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ तिसाहून अधिक मैल मागे सरकला होता. आता मार्जरी हिमनदीशी पोचायला जहाजाला सकाळ खर्च करावी लागते.

ती मैलभर रुंद भिंत समोर आली आणि डेकवरचे घोंगड्या पांघरलेले, वाटाण्याचं सूप फुंकणारे हजारभर लोक एकदम गप्प झाले. रंग निळा. कापडाला नीळ जास्त झाली की जो येतो, तो. बाई म्हणाल्या, दाबून दाबून घट्ट झालेला बर्फ उजेडातला तांबडा रंग गिळतो आणि निळा तेवढा सोडतो. आणि ढगाळ दिवशी हा निळा जास्त खुलतो. सबंध प्रवासात पावसाच्या बाजूने कोणी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेवढ्यात भिंतीचा एक तुकडा सुटला. आधी दिसलं, मग ऐकू आलं, कारण आवाजाला यायला वेळ लागतो. थेट हस्ताचा गडगडाट! इथले मूळ रहिवासी ट्लिंगिट लोक याला पांढरा गडगडाट म्हणतात. "हां, आता बरं वाटलं," ही म्हणाली.

केचिकन हे पावसाचं माहेर. धक्क्याजवळ पाऊस मोजण्याची भली मोठी पट्टी उभी केलीय आणि तिच्यावर 1949 सालचा 202.55 इंचांचा विक्रम मिरवलाय. एरवी दीडशे इंचांच्या आसपास पडतो. मी मनात महाबळेश्वरचा आकडा आठवला आणि छाती फुगवून छत्री उघडली. छत्री आम्हा प्रवाशांकडेच होती. गावकरी तपकिरी गमबूट घालून, डोकी उघडी टाकून, बाजारहाट करत होते. दागिन्यांच्या दुकानांत मोसम संपल्याच्या पाट्या. एका दुकानातला मुलगा आम्हाला पाहून थेट हिंदीतच बोलला. उल्हासनगरचा निघाला. उन्हाळ्यात अलास्का, थंडीत कॅरिबियन, असा त्याचा धंदा. "आंटी, उद्या दुकान बंद, सत्तर टक्के कमी," म्हणाला. हिने त्याला चिवडा देऊन दुकानातून काढता पाय घेतला.

गावातून वाहणाऱ्या ओढ्यात सामन माशांची गर्दी होती. अंडी घालायला समुद्रातून आलेले, अंडी घालून मेलेले. वास असा की कोकणातल्या माणसालाही नाकाला पदर लावावा लागला. आणि त्यांच्यावर टपलेले डोमकावळे, आपल्या कावळ्याच्या दीडपट. ट्लिंगिट लोकांच्या कथेत याच कावळ्याने कोंडून ठेवलेला सूर्य चोरून जगाला आणून दिला. त्याच्याच गावात सूर्य दिसायची मारामार! एकाने हिच्या पिशवीत चोच घालून शंकरपाळ्यांची पुडी ओढली. मी छत्री उगारली.

"अहो, राहू दे. पितृपक्ष आहे. सासूबाईंना आवडायचे शंकरपाळे."

गेल्या वर्षी चिपळूणला तासभर "काव काव" करूनही कावळा पानाला शिवला नव्हता. इथे आग्रहसुद्धा करावा लागला नाही.

शेवटचं बंदर कॅनडातलं व्हिक्टोरिया, तेही रात्री, तीनेक तास. याला कारण 1886 चा अमेरिकी कायदा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेत चढवलेले प्रवासी घेऊन परदेशी बंदराला न शिवता परत अमेरिकेत येता येत नाही. म्हणून ही शिवाशिवी. त्यासाठी आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांनी बोटांचे ठसे देऊन, माणशी 185 कॅनेडियन डॉलर भरून व्हिसा काढलेला. बाहेर मिट्ट काळोख आणि अर्थातच पाऊस. मी म्हटलं, जहाज लागलं की कायदा पाळला गेला, आपण झोपू या. ही तोवर बूट घालून तयार होती.

शेडखाली पाच मिनिटं उभे राहिलो. "पाहिला कॅनडा?" मी विचारलं.

"तीनशे सत्तर डॉलरचा झाला?"

"नाही."

"मग चला त्या दिवे लावलेल्या इमारतीपर्यंत."

ती ब्रिटिश कोलंबियाची विधानसभा होती, चांगली दोन किलोमीटरवर.