गाडीचा चातुर्मास

देव आषाढी एकादशीला झोपतात आणि कार्तिकीला उठतात. माझी १९९४ सालची बुलेट मृगाचा पाऊस लागला की झोपते आणि दसऱ्याला उठते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यात तिला कोण भिजवणार? पण तिला निजवण्याचा माझा सोहळा घरात कुणालाच आवडत नाही.

आधी ऑइल. इंजिन गरम करून ड्रेन नट सोडला की काळंकुट्ट तेल घमेल्यात पडतं. चार महिने गाडी उभीच राहणार, मग नवं तेल आत्ता कशाला, असं सौ. दरवर्षी विचारते. जुन्या तेलात जळकट आणि पाण्याचा अंश असतो, तो आतून बेअरिंग खातो, असं मी दरवर्षी सांगतो. घमेलं शेजारचे तात्या घेऊन जातात. त्यांच्या गोठ्याच्या खांबांना वाळवी लागत नाही.

मग प्लग काढून त्या भोकात चमचाभर तेल (चमचा कुठला, हे घरात जाहीर करायचं नसतं), चार हलक्या किका, प्लग परत जागेवर. कार्बोरेटर रिकामा करायचा, नाहीतर पेट्रोल सुकून जेटमध्ये डिंक धरतं. बॅटरी काढून कपाटावर. चाकांखाली फळी. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं, उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या. वरून जुना पलंगपोस, कारण प्लास्टिकखाली गाडीला घाम येतो.

‘‘माझ्या लोणच्याच्या बरणीला एवढ्या मायेनं कधी दादरा बांधला नाहीत,’’ सौ. म्हणाली.

टाकी मात्र काठोकाठ भरायची. रिकाम्या टाकीत आतून गंज चढतो. यंदा मी एक पाऊल पुढे गेलो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, असं वाचलं होतं. टाकीच्या झाकणाला एक बारीकसं भोक दिसलं. एवढ्या पावसात उघडं भोक! मी त्यात ग्रीस ठासलं आणि त्या रात्री फार समाधानानं झोपलो.

दसऱ्याला झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू. सायलेन्सरचं फडकं आठवणीनं काढलं. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणला, डीकॉम्प सोडला आणि तिसऱ्या किकला गाडी बोलायला लागली. तात्यांनी टाळ्या वाजवल्या. सौ. मागे बसली.

भाट्याच्या पुलावर गाडी गचकली. पेट्रोल तर नाही ना संपलं, म्हणून झाकण उघडलं. फुस्स झालं. पेट्रोल काठाशीच होतं. झाकण लावून थोडं थांबलो, किक मारली, चालू! दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. झाकण, फुस्स, किक, चालू. तिसऱ्यांदा मी प्लग बदलला, चौथ्यांदा कार्बोरेटरकडे रागानं पाहिलं. सौ.नं मात्र शोध लावला होता : ‘‘टाकीत डोकावलं की चालते. डोकावत डोकावत जाऊ.’’

शेवटी ढकलत एका गॅरेजपाशी नेली. मिस्त्री पोरगेलासा होता. इंजिनाला हात न लावता त्यानं टाकीच्या झाकणावर बोट फिरवलं, वास घेतला.

‘‘काका, ग्रीस कोणी भरलंन?’’

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

‘‘पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा वरून आत यायला नको? त्यात टाकी फुल्ल. वर हवेला जागाच नाही. घोटभर उतरलं की तिचा श्वास कोंडतो. वैनी, पिन आहे?’’

सौ.नं बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. मिस्त्रीनं भोक मोकळं केलं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

‘‘तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडावी लागतात,’’ सौ. त्याला म्हणाली, मला नाही. ‘‘एकानं तेल येतं, दुसऱ्यानं हवा जाते. हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.’’

‘‘किती झाले?’’ मी घाईनं विचारलं.

‘‘पैसे कसले? पिन वैनींची, ग्रीस तुमचं.’’

पिन त्यानं कापडानं पुसून परत दिली. सौ.नं ती हुंगली आणि माझ्या खिशाला अडकवली.