ताबा, तक्रार आणि हिरवी खूण

बेंगळुरूच्या नव्या संकुलांत घराचा ताबा आता किल्लीइतकाच मोबाइलवरही मिळतो. ताब्याच्या दिवशी पाहणीची यादी ॲपमध्ये भरली जाते: पोकळ वाजणारी फरशी, फुगलेली चौकट, उलट्या उताराचे न्हाणीघर. प्रत्येक दोषाला फोटो, तारीख आणि तक्रार क्रमांक मिळतो. न्हाणीघरातले पाणी दिवाणखान्याकडेच वाहते. फक्त आता ते रीतसर नोंद होऊन वाहते.

या नोंदींना कायद्याचे बळ आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार, ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष विकासकाने 30 दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. म्हणून तक्रारीची तारीख हा घरमालकाचा पुरावा ठरतो आणि तिच्यापुढची ‘निराकरण झाले’ ही हिरवी खूण हा विकासकाचा. भिंतीतली ओल ॲप वापरत नसल्याने तिला ही बातमी कळत नाही.

पुढे देखभाल रहिवाशांच्या असोसिएशनकडे येते. लिफ्टची सर्व्हिसिंग, जनरेटरचे डिझेल, टँकरच्या फेऱ्या असे सारे डॅशबोर्डवर दिसू लागते. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या बोअरवेल आटल्या, तेव्हा मापक बसवलेल्या टाकीची पातळी घरबसल्या पाहता येत होती. पाणी तेवढे पाहता येत नव्हते.

नळजोडणीचे नकाशे आणि वॉरंटीची कागदपत्रे क्लाउडवर सुरक्षित असतात. पासवर्ड मागच्या सचिवांकडे असतो. त्यामुळे गळती लागली की प्लंबर जुन्याच पद्धतीने भिंतीवर टकटक करून पाइप शोधतो.