सांगून ठेवणारे अप्पा

अप्पा प्रत्येक घराण्यात असतात. कुठे त्यांना भाऊ म्हणतात, कुठे तात्या; वाण तोच. दिवाळीच्या गाडीचं आरक्षण ज्या दिवशी खुलं होतं, त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला अप्पा मोबाइल सरसावून बसलेले असतात. लोणच्याच्या कैऱ्या कुणाकडून घ्यायच्या, हे झाडाला मोहोर असतानाच ठरलेलं असतं. पण "अप्पा, तुमच्या पश्चात घरादाराचं काय?" असं कुणी चाचरत विचारलं, की उत्तर एकच: "सगळं सांगून ठेवलंय!"

आणि ते खोटं नाही. थोरल्याला सांगितलंय, "फ्लॅट तुझाच, तू जवळ राहिलास." धाकट्याला सांगितलंय, "तुझाच, थोरल्याला काय कमी आहे?" मुलगी माहेरपणाला आली तेव्हा तिलाही, डोळ्यांत पाणी आणून. फ्लॅट दोन खोल्यांचा. गावच्या जमिनीचं बोट पुतण्याला चाटवलंय. तिच्या सातबारावर अजून अप्पांच्या आजोबांचं नाव आहे. नेमकं कुणाला काय, असं खोदून विचारलं तर अप्पा मिशीत हसतात. "वेळ आली की कळेल."

अप्पांचा सगळा कारभार कपाटात, सराफाच्या लाल पिशवीत. एकदा ती उघडलेली पाहण्याचा योग आला. ठेवींच्या दोन पावत्या, त्यातल्या एकीची मुदत कधीच उलटलेली. घडीवर चिरलेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. दोऱ्यात ओवलेली लॉकरची किल्ली. लॉकर कुठल्या बँकेत, ते फक्त अप्पांना ठाऊक. आणि एक विमा पॉलिसी, नॉमिनी म्हणून अप्पांच्या कैलासवासी मातोश्री.

"नॉमिनी लावलाय ना? मग झालं तर!" अप्पा म्हणाले.

शेजारच्या वकीलबाईंनी समजावलं की बँकेच्या ठेवीच्या नॉमिनीनं पैसे ताब्यात घ्यायचे, ते मुरतात वारसांच्याच खात्यात. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये सांगून टाकलंय. नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, एवढं मात्र अप्पांनी कान टवकारून ऐकलं. "म्हणजे मी तिघांना शब्द दिला तो कायद्यात बसतो. उलट एक जागा शिल्लक आहे!"

बाई चिकाटीच्या. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पत्नी, मुलगे आणि मुलगी यांना सारखा वाटा. "पण मुलीला लग्नात दिलंय की!" असं अप्पा म्हणाले, पण कायदा लग्नाचा अल्बम बघत नाही. मनासारखं व्हायला हवं तर साधा कागद पुरतो. आपली सही, समोर दोन साक्षीदार. मुद्रांक लागत नाही, नोंदणी केलेली बरी, पण सक्ती नाही.

"अभद्र बोलू नका. मी काय उद्या जातोय?"

अप्पा मरणाला भितात, असं मात्र समजू नका. आळीत कुणी गेलं की तिरडीच्या बांबूपासून दहाव्याच्या भटजींपर्यंत सगळी व्यवस्था त्यांचीच. त्यांना भीती आहे ती कागदाची. थोरला दर रविवारी जिलबी आणतो, धाकटा मोबाइलचं बिल भरतो, पुतण्या आंबेमोहोराचं पोतं धाडतो. उद्या नावं लिहून मोकळं झालं, तर ज्याला मिळालं तो निर्धास्त आणि ज्यांना नाही ते गाल फुगवून. जिलबी कोण आणणार? गुलदस्त्यातला फ्लॅट हेच अप्पांचं पेन्शन, महागाई भत्त्यासकट.

हे गणित घरात आणखी एका व्यक्तीला कळलेलं होतं. एका दुपारी काकूंनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीनं, वहीचा कागद घेतला. पाटल्या, पितळी भांडी, पोस्टातली ठेव, कुणाला काय ते नावानिशी लिहिलं. वकीलबाई आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर साक्षीला. चहा निवायच्या आत मृत्युपत्र तयार झालं आणि पाकीट बंद करून देव्हाऱ्यामागे गेलं.

तेव्हापासून रविवारची जिलबी आधी काकूंच्या हातात पडते. अप्पांना झोप नाही. परवा न राहवून त्यांनी विचारलंच, "अगं, माझ्या नावावर काही ठेवलंयस की नाही?"

काकूंनी मेथीची जुडी सोडली. "वेळ आली की कळेल."